मामाचा नंबर

लोगन, क्वीन्सलँड
४ फेब्रुवारी २०१८

हातोडी, शिडी आणि जुन्या व्हॅनवर घर चालवणाऱ्या माझ्या टोंगन बांधवांनो,

प्रार्थना संपल्यावर घरी न जाता तुम्ही या हॉलमध्ये थांबलात, कारण तुम्हा सगळ्यांचं दुखणं एकच आहे. तुमच्या हातांना काम येतं, पण ते करायची मुभा तुमच्या हातांना नाही. कुणाचं दार अडकलं, कुणाचं कुंपण कललं, की लोक तुम्हाला बोलावतात. तिथवर ठीक. पण तेच लोक जेव्हा म्हणतात, आता मागचा सज्जाही बांधून द्या, तेव्हा तुम्हाला मान खाली घालावी लागते. एवढ्या मोठ्या कामाला लायसन्स लागतं. लायसन्सला परीक्षा लागते. परीक्षेला अशी इंग्रजी लागते, जी इथे जन्मलेला सुतारही घरात बोलत नाही. मग विमा. विमेवाला विचारतो, लायसन्स कुठाय? लायसन्सवाला विचारतो, किती वर्षं कुणाच्या हाताखाली काम केलंत, त्याचा कागद कुठाय? ज्याच्या हाताखाली केलंत तो रोख मजुरी देऊन मोकळा झाला. कागद त्यानं कधी दिलाच नाही.

हे मोसेसे पहिल्या रांगेत बसलेत. हापाई बेटांवर यांनी तीन चर्चची छपरं चढवली. दोन वादळं येऊन गेली, एकही छप्पर उडालं नाही. इथे त्यांना कपाटाची फळी बसवायची परवानगी आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी आसपासच्या बेटांवरची माणसं ऊस तोडायला याच किनाऱ्यावर उतरवली, तेव्हा त्यांना कुणी कागद विचारला नव्हता. घाम घेताना कागद लागत नाही. मोबदला द्यायची वेळ आली की लागतो.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. पडलेली छपरं मीही पाहिलीत. पण याच गावातल्या मोठ्या कंपन्या तुमच्याच पोरांना आपल्या लायसन्सखाली राबवतात आणि निम्मी मजुरी देतात. परक्याच्या लायसन्सखाली आपली पोरं चालतात, मग आपल्याच माणसाच्या लायसन्सखाली का चालू नयेत? ज्या घरात एक लायसन्स आहे त्या घरानं ते सगळ्यांचं समजावं. डुक्कर घराचं असतं, होडी घराची असते. लायसन्सचा नंबरही घराचाच.

तानिएला, हे भाषण मी आज वाचलं, त्याची नक्कल तुला पाठवते. आपण भाऊ-बहीण समोरासमोर बसून असल्या गोष्टी बोलत नाही आणि फोनवर तब्येतीपलीकडे जात नाही, म्हणून लिहिते. आपल्या घराण्यात बांधकामाचं लायसन्स एकट्या तुझ्याकडे आहे. सातेकी पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे ग्लॅडस्टोनला येईल. तो तुझ्या बहिणीचा मुलगा आहे. याहून जास्त लिहिणं मलाही शोभणार नाही आणि तुलाही.

तेलेसिया

*

ग्लॅडस्टोन
२१ फेब्रुवारी २०१८

आदरणीय ताई,

भाषण पोचलं. लुपेनं, तुमच्या भावजयीनं, मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलं खेळ थांबवून ऐकत होती. तुम्ही बोलायला उभ्या राहिलात की काय होतं ते मला आठवतं.

सातेकी शुक्रवारी आला. लुपेनं लू केलं होतं. अरवीच्या पानांत गोमांस आणि नारळाचं दूध, त्याला आवडतो तसा कांदा जास्त. दोन ताटं जेवला. टेबलाच्या टोकाला बसला, म्हणजे आम्हीच बसवलं, ती जागा त्याची. मग शेडमध्ये गेला आणि माझी नवी गोल करवत उचलली. मासेमारीचा गळही उचलला. मी म्हटलं, तुझ्याच हातात शोभतो. बहिणीचं मूल फाहू, मामाच्या घरात ते हात लावेल ती वस्तू त्याची, हे मला कुणी सांगायला नको. जाताना त्यानं ऑफिसच्या भिंतीवरच्या माझ्या लायसन्सचा फोनवर फोटो काढला. काचेवर धूळ होती, ती मीच पुसून दिली.

एक सुचलं ते लिहितो, राग मानू नये. सातेकीनं दोन वर्षं माझ्याकडे येऊन काम केलं तर मी त्याला अनुभवाचा कागद देईन. परीक्षेचा अभ्यास लुपे घेईल. मागची खोली रिकामीच आहे. माझा विमा माझ्या कामाला आणि माझ्या देखरेखीखालच्या माणसांच्या कामाला आहे असं त्या कागदावर लिहिलंय. देखरेख म्हणजे नेमकं किती ते मला नीटसं कळलं नाही. इथून लोगन साडेपाचशे किलोमीटर, जरा लांब पडेल असं वाटतं. पण तुम्हाला योग्य वाटेल तसं.

इकडचे आंबे संपले.

आपला भाऊ,
तानिएला

*

लोगन
११ मार्च २०१८

तानिएला,

दीड पान लू आणि करवत, शेवटी चार ओळी भीती. तू लहानपणापासून असाच. होडीत पाणी शिरत असलं तरी आधी म्हणशील, पाणी छान गार आहे.

सत्तावीस वर्षांच्या लग्न झालेल्या पोरानं मामाच्या मागच्या खोलीत दोन वर्षं काढायची? आनाला सातवा महिना लागलाय. बाळ काय कागद हातात येईपर्यंत थांबणार आहे?

सातेकीनं व्हॅन निळी रंगवून घेतली. मागच्या दारावर वीतभर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, लायसन्सधारक, विमा उतरवलेला. खाली तुझ्या लायसन्सचा नंबर. तेव्हापासून फोन थांबत नाही. ज्या बायका जाळीच्या दाराआडून बोलायच्या, त्या आता चहा घेणार का विचारतात. माझा मुलगा तोच आहे, हात तेच आहेत. बदलली ती व्हॅनची मागची बाजू. मी हॉलमध्ये म्हटलं होतं ते खरं ठरलं की नाही, तूच सांग.

देखरेख म्हणजे किती, असं विचारतोस. मोठ्या कंपनीचा साहेब वर्षातून एकदा हेल्मेट घालून फोटो काढायला येतो, तेवढी. तू मे महिन्यात चर्चमधल्या मुलांच्या रविवारी येतोसच. तेव्हा काम बघून जा, झाली देखरेख.

गोऱ्यांच्या देशात राहून तुला कागदाची भीती लागलीय. ती टाकून दे.

तेलेसिया

*

ग्लॅडस्टोन
१४ मे २०१८

आदरणीय ताई,

सुखरूप पोचलो. मुलांचा रविवार यंदा फार छान झाला. आमच्या धाकट्यानं वचन अर्ध्यात विसरून रडं काढलं, तेव्हा मोसेसेंनी मागून हळूच पुढचे शब्द सांगितले, ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. सगळं चर्च हसलं. जेवणात रताळी अप्रतिम होती.

सोमवारी सातेकीनं त्याची कामं दाखवली. एका घरी कपाटं, ती चांगली आहेत. एका घरी कुंपण, तेही चांगलं. शेवटी पॅस्को नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याचं घर. उंच खांबांवरचं जुनं लाकडी घर आहे. मागे सातेकीनं नवा सज्जा काढलाय, जमिनीपासून तीन मीटर तरी वर. मिसेस पॅस्को बाजारात गेल्या होत्या. मिस्टर पॅस्को पूर्वी बस चालवायचे. सज्ज्यावरून त्यांना पलीकडच्या रस्त्यावरच्या बस दिसतात, कुठली उशिरा आली ते मोजत बसतात. मला बिअर देत होते. माणूस मोकळा आहे.

लाकूड उत्तम वापरलंय. कठडा एकदम सरळ. खालून पाहिलं तर, सज्ज्याची जी मुख्य तुळई घराच्या भिंतीला लागते, तिला आरपार बोल्ट असतात, तिथे स्क्रू दिसले. कदाचित बोल्ट नंतर घालायचे असतील. मी हसत म्हटलं, भाचे, या तुळईला पण तुझ्यासारखी दोन ताटं जेवण लागणार. तो खूप हसला, मिस्टर पॅस्कोही हसले. त्याच्यापुढे याहून जास्त बोलणं बरं दिसलं नसतं. तुम्ही आई आहात. सहज विषय निघालाच तर बोल्टचं बोलावं. कौन्सिलची मंजुरी घेतली का तेही. नाही निघाला तरी हरकत नाही.

लाकूड खरंच उत्तम आहे. आनाला जपावं.

आपला भाऊ,
तानिएला

*

लोगन
३ जून २०१८

तानिएला,

सातेकीला मुलगी झाली. साडेतीन किलो, आवाज माझ्यावर गेलाय. लुपेनं पाठवलेलं दुपटं मिळालं.

सज्ज्याच्या लाकडाची आणि कठड्याची तू केलेली स्तुती मी सातेकीला जेवताना वाचून दाखवली. त्याची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाणं म्हणत व्हॅन धुत होता.

आणखी दोघांनी आपल्या नातलगांचे नंबर लावले. हॉलमधले चेहरे बदललेत. पुढच्या महिन्यात मी आमदाराकडे शिष्टमंडळ नेणार आहे. परीक्षा आपल्या भाषेत घ्या, एवढी एकच मागणी.

तेलेसिया

*

लोगन
२७ ऑगस्ट २०१८

तानिएला,

पॅस्कोंचा सज्जा शनिवारी दुपारी कोसळला. मिस्टर पॅस्कोंचा एक्काहत्तरावा वाढदिवस होता. नऊ माणसं वर होती. मिस्टर पॅस्को जागीच गेले. मिसेस पॅस्कोंचं कंबरेखालचं अंग हलत नाही. बाकीच्यांची हाडं मोडलीत.

पोलिसांनी सातेकीला नेलं होतं, आज जामिनावर सोडलं. व्हॅन त्यांनी ठेवून घेतली. तो जेवत नाही. आनाला दूध येईनासं झालंय.

तुझ्याकडेही लोक येतील.

तेलेसिया

*

ग्लॅडस्टोन
९ सप्टेंबर २०१८

आदरणीय ताई,

घरात रोज संध्याकाळी प्रार्थना चालू आहे. लुपेनं तिच्या आईची जुनी चटई बसनं पाठवली आहे, मातीच्या वेळी घेऊन जायला उपयोगी पडेल.

दोन अधिकारी आले होते. नंतर विमा कंपनीचा एक माणूस आला. लुपेनं चहा दिला. विचारलं तेवढं सांगितलं, जास्त बोललो नाही.

सातेकीला सांगा, मामा त्याच्यासाठी गुडघ्यांवर आहे.

तानिएला

*

लोगन
७ ऑक्टोबर २०१८

तानिएला,

चटई मिळाली. मातीच्या वेळी आम्हाला येऊ नका असा निरोप होता, म्हणून गेलो नाही. मिसेस पॅस्को दवाखान्यातून घरी आल्यावर गेले. क्षमा मागायला जातात तशी गेले. कमरेला फाटकी चटई गुंडाळली, केस मोकळे सोडले, लुपेच्या आईची चटई पुढे ठेवली आणि त्यांच्या हिरवळीवर मान खाली घालून बसले. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. अर्ध्या तासानं मिसेस पॅस्कोंना चाकाच्या खुर्चीतून कुणी दारापर्यंत आणलं. पुढे पायऱ्या, म्हणून त्या दारातच थांबल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बाई, मी विचारलं होतं हो. लायसन्स आहे ना, विमा आहे ना. त्यानं व्हॅनकडे बोट दाखवलं. मी चष्मा लावून नंबर उतरवून घेतला, लायसन्सच्या ऑफिसात फोन करून तपासला. खरा निघाला. तुमच्या भावाचं नाव सांगितलं त्यांनी. मला वाटलं, ह्या पोराचंच ते पूर्ण नाव असेल, तुमची नावं आम्हाला कुठे कळतात. अजून काय करायला हवं होतं मी?"

मी आयुष्यभर बोलत आले. त्या बाईसमोर मी चटईच्या कडा सरळ करत राहिले. मग त्यांनी चटईकडे बोट केलं आणि म्हणाल्या, सुंदर आहे, पण ही घेऊन जा, विमेवाले कधी येणार तेवढं सांगा.

विमेवाले येणार नाहीत. का, ते मला शुक्रवारी कळलं. सातेकीच्या बाजूनं लढायला सरकारनं दिलेली वकीलबाई तरुण आहे, धडपडी आहे. तिनं तुझा जबाब माझ्यापुढे ठेवला. भाच्यानं माझ्या नकळत फोटो काढून माझा नंबर चोरला. खाली तुझी सही.

ज्यानं काचेवरची धूळ पुसून दिली तो म्हणतो, चोरला.

तुझ्या त्या एका शब्दानं काय केलं ते ऐक. विमा कंपनीनं एका पानात हात झटकले. चोरीच्या नंबरावर झालेल्या कामाशी आमचा संबंध नाही. त्या बाईच्या पायऱ्यांच्या जागी उतरण बांधायलासुद्धा कुणी पैसा देणार नाही. आणि सातेकीवर आता एक नाही, दोन आरोप आहेत. निष्काळजीपणानं माणसाचा जीव घेतल्याचा एक, चोरलेला नंबर दाखवून फसवल्याचा दुसरा. वकीलबाई म्हणते, नुसता चुकलेला सुतार म्हणून उभा राहिला तर न्यायाधीश दया दाखवतील. चोर म्हणून उभा राहिला तर मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत बाप घरी नसेल.

तुझी तारीख पंधरा नोव्हेंबर आहे. सरकारतर्फे पहिला साक्षीदार तू.

मला तुझ्या तोंडून कारण हवंय. आंबे आणि लू नको.

तेलेसिया

*

ग्लॅडस्टोन
१८ ऑक्टोबर २०१८

ताई,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

विमा कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, नंबर तुम्ही दिलात असं म्हणालात तर पंधरा वर्षांच्या तुमच्या प्रत्येक कामाकडे आम्ही संशयानं बघू. लायसन्स जाईल. माझ्याकडे चार माणसं आहेत. लुपे स्वयंपाकघरात रडत होती, ते बाहेर ऐकू येत होतं. हे सगळं खरं आहे. पण मी चोरला म्हणालो ते यामुळे नाही.

नंबर दिला म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग काम बघितलंत का?

आणि मी बघितलं होतं.

पत्रात मी लिहिलं, कदाचित बोल्ट नंतर घालायचे असतील. तो 'कदाचित' खोटा होता. खाली उभा राहून मान वर केली त्या क्षणी मला कळलं की हा सज्जा टिकणार नाही. दोन माणसं बसतील तोवर बसेल. पाऊस पडेल, लाकूड फुगेल, माणसं वाढतील आणि तो भिंतीपासून सुटेल. माझ्याकडच्या चौघांपैकी कुणी असं केलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याची शिडी काढून घेतली असती, शिवी घातली असती आणि त्याच्याच हातानं सगळं उतरवून घेतलं असतं. घातलीय शिवी, काढलीय शिडी, खूप वेळा. देखरेख म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. फेब्रुवारीतही माहीत होतं.

पण सातेकी माझ्या हाताखालचा नाही. कागदावर मी त्याच्या वर आहे, घरात तो माझ्या वर आहे. बहिणीच्या मुलाला, गिऱ्हाइकासमोर, हे तोड म्हणायचं? माझं तोंड उघडलं आणि त्यातून विनोद बाहेर पडला. तो माणूस हातात बिअर घेऊन हसला. मला तोच हसताना दिसतो.

मग तुम्हाला लिहिलं, तेही रताळ्यांच्या आणि लाकडाच्या मध्ये लपवून. तुम्ही विषय काढलात की नाही ते मी विचारत नाही.

आता तुम्ही सांगाल ते करीन. बहिणीचा शब्द मी आजवर मोडला नाही. एक ओळ लिहा, नंबर मी दिला असं सांग. सांगेन. लायसन्स जाऊ दे. सातेकीवरचा चोरीचा आरोप जाईल. मी सज्ज्याखाली उभा होतो हे मिस्टर पॅस्कोंना माहीत होतं, ते गेले. आता सातेकी आणि आपण दोघं. सातेकीला तो विनोदच वाटला होता. मे महिन्यातलं माझं पत्र तेवढं जाळून टाका. मग कुणी विचारणार नाही.

तानिएला

*

लोगन
४ नोव्हेंबर २०१८

तानिएला,

तुझं पत्र मिळाल्यापासून दोन आठवडे मी ती एक ओळ लिहीत होते. वकीलबाईनंही तेच सुचवलं, अर्थात सरळ नाही. ती म्हणाली, तुमचा भाऊ जबाब बदलणार असेल तर तो नंबरापुरताच बदलला तर मुलाच्या फायद्याचं. तुझं मेचं पत्र माझ्या पेटीत होतं आणि चुलीजवळ काड्यांची पेटी होती. आई म्हणून मला यात काही अवघड वाटलं नाही, हे तुला कळलेलं बरं.

पण तू एक विचारायचं टाळलंस, त्याचं उत्तर देते. बोल्टची ओळ मी वाचली होती. तीनदा वाचली. मग घडी घालून लाकडाच्या स्तुतीपाशी बोट ठेवलं आणि तेवढंच सातेकीला वाचून दाखवलं. आमच्या नंबराची गोष्ट गावभर होत होती. माझी गोष्ट. तिच्यात मला स्क्रू नको होते. तू घाबरून बोलला नाहीस. मी घाबरलेही नव्हते.

सातेकीला मी परवा सगळं सांगितलं. तो मागच्या अंगणात, जिथे व्हॅन उभी असायची, तिथे बसतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मामाला दिसलं होतं?"

हो, म्हटलं.

"मग बोलला का नाही?"

"तू बोलू दिलं असतंस?"

त्यानं खोटं सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तो म्हणाला, "नाही."

तुझं ते मेचं पत्र मी जाळलं नाही. शुक्रवारी सरकारी वकिलाच्या ऑफिसात नेऊन दिलं. तुझं, आणि माझ्या सगळ्या पत्रांच्या मी ठेवलेल्या नकला, फेब्रुवारीच्या भाषणासकट. पावती घेतली. वकीलबाई माझ्यावर चिडली आहे. आनानं दोन दिवस माझ्याकडे बाळ दिलं नाही.

आज प्रार्थनेनंतर मी त्याच हॉलमध्ये उभी राहिले. लोकांना वाटलं, सातेकीसाठी वर्गणी मागते. मी त्यांना सांगितलं की फेब्रुवारीत इथे उभी राहून मी एक खरी गोष्ट सांगितली आणि तिला एक खोटी गोष्ट जोडून दिली. खरी ही की दार आपल्यासाठी बुटकं ठेवलंय. परीक्षा, विमा, अनुभवाचा कागद, सगळं असं रचलंय की राबणाऱ्याला आत येताना वाकावं लागतं. ते मी मरेपर्यंत सांगेन, आमदाराच्या दारातही सांगेन. खोटी गोष्ट ही की नंबर डुकरासारखा, होडीसारखा वाटून घेता येतो. लायसन्स म्हणजे दुसरं काही नाही, तानिएला. एका माणसानं दुसऱ्याला 'हे तोड' म्हणायचा अधिकार. विमा त्या अधिकारावर उभा असतो. म्हातारी बाई चष्मा लावून त्या अधिकाराचाच नंबर वाचते. आपण तो अधिकार काढून घेतला आणि व्हॅनवर त्याचा आकडा रंगवला. कुठल्या साहेबानं नाही, कुठल्या कौन्सिलनं नाही. आपण, आपल्या मानपानानं.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. दोघं उठून गेले. त्यांच्या व्हॅनवर कुणाचे नंबर आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोसेसे बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, मग उद्या सकाळी आम्ही कामावर काय म्हणून जायचं?" मग ते काठी घेऊन बाहेर गेले.

तू माझा हुकूम मागतोस. आजवर बहीण म्हणून मी तुझ्याकडे जे मागितलं ते तू दिलंस आणि त्यातूनच हे झालं. म्हणून हा शेवटचा, आणि तो तुझ्या फायद्याचा नाही, माझ्याही नाही. तुझं लायसन्स जाईल. तुझी चार माणसं दुसरीकडे काम शोधतील. सातेकी चोर ठरणार नाही, पण मामानं विषय काढला होता आणि आपण हसलो, हे त्याला भर कोर्टात ऐकावं लागेल. किती वर्षं होतील ते वकीलबाई सांगू शकत नाही. मिसेस पॅस्कोंचा दावा निदान पुन्हा उभा राहील. त्या येणार आहेत. त्यांची खुर्ची ठेवायला जागा करून ठेवलीय.

पंधरा तारखेला, गुरुवारी सकाळी दहाला ये. नंबर मी दिला असं सांगू नकोस, चोरला असंही सांगू नकोस. त्यानं घेतला आणि मी अडवलं नाही, एवढं सांग. मग कुणी विचारलं नाही तरी थांबू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. माझ्या मुलाकडे बघ, हसू नकोस, आणि सगळ्यांसमोर म्हण: सातेकी, तो सज्जा पडणार हे मला दिसत होतं, आणि मी तुला तो तोडायला सांगितलं नाही.

तेलेसिया